खोक्यातला बुरूज

किल्ल्याच्या तिकीट खिडकीसमोर पिठी आणि तिचा दादा उभे होते आणि दोघांच्या मध्ये एक खोका होता. खोका म्हणजे बुटांचा-बिटांचा नव्हे हं. छोटा फ्रीज येतो ना, तेवढा. दोघांनी दोन बाजूंनी धरला तर उचलणार. रांगेतल्या बाकी सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या, आणि ही दोन भावंडं आपली घर बदलायला निघाल्यासारखी.

"खोक्यात काय आहे?" दारावरच्या मिशीवाल्या रखवालदारानं विचारलं.

"पीठ," दादा म्हणाला.

"पीठ?"

"हो. पिठाची गोणी."

"किल्ला बघायला येताना पिठाची गोणी?"

"लोक सासूला घेऊन येतात, त्यांना नाही विचारत कुणी," असं म्हणून दादा पाकीट चाचपत खिडकीकडे वळला.

रखवालदार हसला नाही. "उघडून दाखवा. आत खायचे पदार्थ न्यायला बंदी आहे."

"कच्चं पीठ कोण खातंय हो?" दादा खिडकीत डोकं घालूनच ओरडला. "दाखव गं त्यांना, पिठे."

आणि पिठीची पंचाईत झाली. कारण खोक्यात पीठ होतं, हे तसं खरंच होतं म्हणा. फक्त ते अंड्यांत, लोण्यात, साखरेत फेटलेलं होतं, भट्टीत भाजलेलं होतं, थरावर थर चढवलेलं होतं, वरून चॉकलेटच्या गनाशनं, म्हणजे घट्ट लेपानं, लिंपलेलं होतं आणि त्याचा हात-दीड हात उंचीचा एक बुरूज झालेला होता. दादाला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. त्यानं स्वतः काल गोणी मोजूनमापून खोक्यात ठेवली होती. नंतर तो न्हाव्याकडे गेला आणि इकडे गोणी बाहेर, बुरूज आत.

पिठीनं खोक्याचं एकच झाकण, दादाला दिसणार नाही अशा बाजूनं, जरासं उचललं. रखवालदार वाकला. बघतच राहिला. पिठीनं ओठांवर बोट ठेवलं, मग हात जोडले, मग पुन्हा बोट ठेवलं. रखवालदारानं एकदा खोक्यात पाहिलं, एकदा वर मान करून खऱ्या बुरुजाकडे पाहिलं, पुन्हा खोक्यात पाहिलं.

"काय, पटलं का?" दादा तिकिटं घेऊन परत आला.

"पीठच आहे," रखवालदार म्हणाला. त्याच्या मिशीचं एक टोक थरथरत होतं. "पण जपून न्या हो. एवढं नाजूक पीठ मी पाहिलं नव्हतं."

आता हे सगळं कशासाठी, ते ऐका. भावंडांची बेकरी. बाबांनी उभी केलेली. बाबांचे गुडघे आता बोलायला लागलेत, म्हणून ते गल्ल्यावर बसून सल्ले देतात, आणि भट्टी दादाकडे. पिठीकडे काय? तर फुलं. आयसिंगची फुलं, पानं, "वाढदिवसाच्या शुभेच्छा" आणि फार तर एखादं फुलपाखरू. जन्मल्यापासून पिठाच्या गोण्यांवर लोळत वाढली म्हणून नाव पिठी, पण उंच केक उभा करायची वेळ आली की दादा म्हणणार, "तू फुलं कर गं." आणि अशात परवा किल्ल्याच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. डागडुजी संपली, त्याचा वरच्या दरबारात थाटात सोहळा आहे, तिथे मधोमध केक हवा. किल्ल्याच्याच आकाराचा. बुरुजासकट.

दादा काय म्हणाला असेल? "बुरूज थर्मोकोलचे करू."

पिठी उडालीच. "थर्मोकोलचे?"

"सगळे करतात. खाली केक, वर थर्मोकोल, त्यावर क्रीम. कुणाला कळत नाही."

"खाणाऱ्याला कळतं! दाताखाली कचकन् येतं ना!"

"पिठे, उंच केक रस्त्यात पडतो. मला शिकवू नकोस."

त्याचंही खोटं नव्हतं बरं का. एका लग्नात त्याचा पाच मजली केक हॉलच्या उंबऱ्यावरच नवरीच्या मामाच्या अंगावर गेला होता. तेव्हापासून दादा दुधानं पोळलेल्या माणसासारखा ताकसुद्धा फुंकून पीत होता. उंच म्हटलं की थर्मोकोल. थर्मोकोलवाल्याला आज संध्याकाळपर्यंत मापं द्यायची होती. त्याआधी साध्या पाहुण्यांसारखं तिकीट काढून जायचं, दारं बघायची, जिने बघायचे आणि केकच्या मापाचा, केकच्या वजनाचा खोका बरोबर नेऊन तो आत जातो का तेही बघायचं, असा दादाचा बेत. खोका गेला तर ऑर्डर घ्यायची. बुरूज मात्र थर्मोकोलचेच.

आणि पिठीचा बेत? बोलून दादा ऐकणार नाही, हे तिला पाठ होतं. तेव्हा बुरूज बांधायचा, खोक्यात घालायचा, दिवसभर दादाच्याच हातून अख्ख्या किल्ल्यातून मिरवायचा आणि शेवटी दरबारात झाकण उघडून म्हणायचं, "बघ. उभा आहे." बस्स! तो पडेल, हे तिच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. असा आत्मविश्वास की विचारू नका.

फक्त एकच गोष्ट राहिली होती. दार.

त्यांच्या बेकरीचा एक कायदा आहे, बाबांचा. उंच केक तयार झाला की बाबा मागचं लोखंडी दार सगळी ताकद लावून आपटायचे. धाडकन! खिडक्या थरथरायच्या, शेजारची मांजर पळायची. केक उभा राहिला तर गिऱ्हाइकाचा, पडला तर घरच्यांचा. लहानपणी दादा आणि पिठी टेबलाखाली बसून देव पाण्यात घालून असायचे, की पडू दे, पडू दे! पण मोठेपणी कायदा म्हणजे कायदा. दार सोसल्याशिवाय केक बेकरीबाहेर जात नाही. आणि पिठीनं काल दार लावलं होतं ते अगदी हळूच, पाळण्यातलं बाळ उठेल की काय अशा बेतानं. आपटलं असतं तर बाबा आले असते ना बाहेर! म्हणजे बुरूज उभा होता, पण पास झालेला नव्हता.

तर, निघाले. पूल ओलांडला. खाली कोरडा खंदक, समोर तट आणि तटाच्या कोपऱ्यावर तो मोठा बुरूज. दादा थांबून डोळे बारीक करून बघायला लागला.

"बघ, वरच्या कंगोऱ्यांतला डावीकडचा एक पडलाय, तो डागडुजीतही तसाच ठेवलाय. पडक्या दातासारखा. आपल्यालाही तो पडकाच करावा लागेल. नाहीतर म्हणतील, आमचा किल्ला नाही हा."

"माझ्या लक्षात आलंय ते," पिठी म्हणाली आणि जीभ चावली. तिच्या बुरुजाला सगळे कंगोरे होते. बत्तिशी शाबूत!

मोठा दरवाजा बंद होता. उघडी होती ती त्याच दरवाजाच्या पोटातली लहानशी दिंडी. एकेका माणसानं वाकून जायचं अशी. दादानं खोक्याकडे बघितलं, दिंडीकडे बघितलं आणि सहज म्हणाला, "आडवा करू."

"नको!"

"का?"

"पीठ सांडेल."

"गोणी शिवलेली आहे ना?"

"शिलाई… उसवलीय. मी काल पाहिलं."

"मग काल नाही सांगायचं? बरं, थोडा तिरका."

"तिरका पण नको! दादा, अरे केक आपण तिरका नेणार आहोत का? मग खोका कशाला तिरका? तालीम म्हणजे तालीम!"

हे मात्र दादाला पटलं. कामाच्या बाबतीत तो असा, की योग्य मुद्दा मांडला तर गप्प बसतो. मग काय, दादा पाठमोरा वाकून आत, पिठी गुडघ्यांवर बाहेर, मागे पर्यटकांची ही रांग. एक आजोबा म्हणाले, "अहो, राजा आत नाहीये, नजराणा कुणाला नेताय?" सगळे हसले. पण खोका गेला! सरळ गेला! पिठीची कॉलर ताठ.

आत शिरले तर समोर भिंत. रस्ता एकदम काटकोनात वळलेला. लगेच पुन्हा दुसरीकडे वळलेला. तिथे एक गाईडबाई आपल्या घोळक्याला सांगत होत्या, "हे वळण मुद्दाम बांधलंय बरं का. शत्रूला दरवाजा फोडायला लांबलचक ओंडका घेऊन धावत येता येऊ नये. मोठी वस्तू घेऊन आत येणाऱ्याला इथे अडकावंच लागतं."

सगळा घोळका वळून या दोघांकडे बघायला लागला. खोका नेमका भिंतींच्या मध्ये अडकलेला.

"ऐकलंस?" दादा घाम पुसत म्हणाला. "एवढा मोठा किल्ला, कशासाठी बांधला? तर आपला केक आत जाऊ नये म्हणून."

"माझ्याकडे थोडं घे. थोडं. अजून थोडं. थांब!"

"पिठे, तू गोणीशी बोलतेयस की माझ्याशी?"

"दोघांशी. उचल."

निघाला खोका. एका कोपऱ्याला पुठ्ठा खरवडला, बाकी काही नाही. पिठीनं कान लावून ऐकलं. आत शांत. म्हणजे सगळं ठीक. म्हणजे ठीकच! ती तर गाणंच गुणगुणायला लागली.

मग ते पोचले मुदपाकखान्यात, आणि तिथे दोघंही वेडे झाले. खरं सांगते, म्हणजे पाहणारे सांगतात, की राजाचा दरबार बघूनसुद्धा लोक एवढे हरखत नाहीत. ही भली मोठी चूल! बैल उभा भाजता येईल अशी! आणि भिंतीत पावाची भट्टी, घुमटासारखी, आतून काळीभोर. दादानं इकडेतिकडे बघितलं आणि चक्क कमरेपर्यंत भट्टीत घुसला.

"पिठे!" आतून आवाज घुमला. "वीट बघ! वीट! एकही भेगाळलेली नाही!"

"मला बघू दे! सरक!"

"थांब, धुराडं बघतोय."

"तू लहानपणी पण असंच करायचास, आधी सगळं तूच बघायचास!"

दोघांची डोकी भट्टीत, चार पाय बाहेर. किती वर्षांनी दोघं असे कुठे आले होते! बेकरीला सुट्टी म्हणून नसतेच ना. एक बाहेर तर दुसरा आत. दादा काजळी लागलेल्या नाकानं बाहेर आला तेव्हा एकदम शाळकरी दिसत होता. खूश होऊन तो म्हणाला, "बसू जरा," आणि बसायला वाकला. कशावर? खोक्यावर!

"पँट!" पिठी किंचाळली.

दादा हवेतच थांबला. "काय?"

"तुझी पँट… फाटलीय. मागून."

दादानं झटकन् हात मागे नेला. "कुठे? किती?"

"बरीच. बसू नकोस, अजून फाटेल. आणि वाकूही नकोस."

बिचारा! तिथून पुढे माणसानं अख्खा किल्ला भिंतीला पाठ लावून बघितला. शस्त्रागारात तोफेला पाठ लावून उभा. विहिरीपाशी गाईडबाई म्हणाल्या, "या, वाकून बघा, पाणी दिसतं," तर हा म्हणतो, "नको, आम्ही पाणी पाहिलंय." पिठीला हसू आवरेना, पण तेवढ्यात चौकातल्या दुकानातून दादानं जाऊन तिच्यासाठी एक झेंडा आणला. लहान पोरांना घेतात ना तसला, लांब लाकडी काठीचा, त्रिकोणी, लाल.

"हे काय रे? मी काय लहान आहे?"

"तेव्हा मागितला होतास. शाळेच्या सहलीला. मी माझ्या पैशांचं सरबत प्यायलो होतो. घे."

आता सांगा, असा भाऊ असल्यावर त्याला फसवताना वाईट नाही वाटणार? तिनं झेंडा पाठीवरच्या पिशवीत खोचला. पिशवीत क्रीमचा भरलेला कोन होता, चपटी सुरी होती, कारण दरबारात झाकण उघडल्यावर शेवटचा हात फिरवायचा होता. काही झालं तरी दादाला आज कळेलच, तिनं मनाशी म्हटलं. आणि कळल्यावर तो खूशच होईल.

शेवटचा होता चक्री जिना. दरबार वर, आणि वर जायला तेवढा एकच रस्ता. दगडी, अंधारा, गोल गोल, आणि पायऱ्या एका बाजूला पंख्याएवढ्या रुंद, दुसऱ्या बाजूला जिभेएवढ्या. दादा वर उलटा चढतोय, पिठी खालून खोका तोलतेय, आणि अर्ध्यावर आले तर वरून एक अख्खं कुटुंब उतरत आलं. आई, बाप, आजी, आणि आजीच्या हातात छत्री.

"सरका हो!" आजी म्हणाली.

"कुठे सरकू, आजी? भिंतीत?" दादा म्हणाला.

"तरुण माणसं, एवढं ओझं घेऊन मध्येच कशाला थांबायचं?"

"तुम्ही आलात म्हणून थांबलो!"

आजी काही मागे जाणारी नव्हती. ती खोक्याला घासून, छत्रीनं ढोसून, वरून सूचना देत उतरली. दादानं तिला वाट द्यायला त्याची बाजू खांद्यापर्यंत उचलली. खोका कलला. पिठी "अरे, अरे, अरे!" म्हणेपर्यंत खोक्याच्या आतून आवाज आला.

थप्.

मऊ आवाज होता. ओल्या कणकेचा गोळा ओट्यावर टाकल्यासारखा.

"गोणी कलंडली वाटतं," दादा म्हणाला.

पिठीनं खोका सरळ धरला. उरलेल्या पायऱ्या ती मुकाट चढली. सकाळपासून पहिल्यांदाच. पण मन तिचं ऐकतंय थोडंच? थप् म्हणजे पडलंच असं कुठे असतं, तिनं स्वतःला समजावलं. एखादा तुकडा निसटला असेल. एखादा कंगोरा.

दरबार मात्र काय होता! उंच छत, लांबच लांब खिडक्या आणि जिन्याच्या तोंडाशी खिळे ठोकलेलं एक लाकडी दार, दोन माणसं उंच. त्यांनी खिडकीशेजारच्या दगडी ओट्यावर खोका ठेवला. दादानं भिंतीला पाठ लावली, आठवणीनं, आणि श्वास घेतला.

"झालं," तो म्हणाला. "बघितलंस ना? दिंडी, वळण, जिना, आणि वर त्या आजी. खरा उंच केक इथे येणं शक्य नाही. खाली बसका केक करू आणि बुरूज थर्मोकोलचे. मी त्याला फोन करतो." आणि त्यानं फोन काढला.

"थांब," पिठी म्हणाली. "आधी खोका उघड."

"गोणीला काय बघायचंय?"

"दादा, उघड."

दादानं झाकण उघडलं.

बुरूज पडला होता. हो, पडला होता! तीन मजले होते. खालचा तेवढा फळीला धरून उभा, मधला त्याच्यावरून घसरून खोक्याला टेकलेला आणि सगळ्यात वरचा, कंगोऱ्यांचा, कोपऱ्यात कुशीवर निजलेला. खोक्याला आतून गनाश असं फासलेलं की कुणी रागानं भिंत सारवलीय.

दादा खोक्यात वाकला. मग त्यानं बोट बुडवलं आणि चाटलं.

"मीठ घातलंयस यात?"

"चिमूटभर."

"हं." पुन्हा चाटलं. "आणि गोणी?"

"बेकरीत. टेबलाखाली."

"म्हणजे सकाळपासून मी हे… आणि मी यावर बसणार होतो?"

"हो."

"म्हणजे पँट?"

"धडधाकट आहे."

दादानं डोळे मिटले. पिठीला वाटलं आता हा फुटणार. पण तो शांतपणे म्हणाला, आणि ते जास्त लागलं, "बघितलंस ना? पडला. म्हणून म्हणतो पिठे, तू फुलं कर." आणि त्याचा अंगठा पुन्हा फोनकडे गेला.

झालं! दुसरी कुणी असती तर रडली असती. पिठीचेही डोळे भरले, नाही असं नाही. पण भरल्या डोळ्यांनीच ती खोक्यात वाकली, आणि एकदम तिला जे दिसलं ना, त्यानं तिची मान ताठ झाली.

"दादा, फोन ठेव. हे बघ. पडला, पण मोडला का?"

"म्हणजे?"

"मजल्याला तडा दाखव. एक तरी दाखव! प्रत्येक मजल्याखाली मधोमध भोक पाडलेली पुठ्ठ्याची चकती आहे, पोटात लाकडी काड्यांचे खांब आहेत. सुटला कुठे? फक्त सांध्यांवर. तेवढी एक लांब काठी मधून घालायची राहिली, कारण घरी एवढी लांब नव्हती आणि मला वाटलं, नुसत्या गनाशनं भागेल. ते माझं चुकलं. एवढंच चुकलं."

"पण इथवर उभा आला नाही ना तो!"

"कशाला यायला हवा उभा?" पिठीचा आवाज दरबारात असा घुमला की दारापाशी फोटो काढणारे लोक वळले. "एवढा किल्ला आहे, तो कुणी दिंडीतून आत आणला होता का? वळणावर तिरका केला होता का? इथेच बांधला ना! दगड दगड आणून! मग आपण कुठले शहाणे लागून गेलो, घरी बांधून आणणारे? मजले वेगवेगळे आणायचे, इथे उभे करायचे. त्या मामाच्या अंगावर गेला तो केक वाईट नव्हता दादा. तू तो बांधून नेलास, एवढंच."

पाच मजली केकची गोष्ट दादासमोर कुणी काढायची नाही, असा घरात अलिखित नियम होता. पण मी म्हटलं ना, योग्य मुद्दा मांडला की हा माणूस गप्प बसतो. मग त्यानं फोन खिशात टाकला आणि बाह्या सरसावल्या.

"कोन आणलायस?"

"आणलाय."

"मग बघतेयस काय? कर उभा. मी हात लावणार नाही."

बांधायला घेतलं तिनं! खालचा मजला फळीसकट ओट्यावर. वरून सुरीनं गनाश साफ. क्रीमचं कडं. मधला मजला दोन्ही हातांनी, श्वास रोखून, बरोब्बर मधोमध. लोक जमायला लागले. गाईडबाई आपला अख्खा घोळका घेऊन आल्या आणि माहिती सांगायचं सोडून स्वतःच चवड्यांवर उभ्या राहिल्या. ती छत्रीवाली आजीसुद्धा परत वर आली, बोला! "पोरी, डावीकडे झुकतोय," ती म्हणाली.

"नाही झुकत, आजी. तुम्ही झुकलायत."

तिसरा मजला चढला. आता काठी. पिठीनं इकडेतिकडे बघितलं, आणि दादानं न बोलता तिच्या पिशवीतून तो लाल झेंडा ओढून काढला, काठी रुमालानं खसाखसा पुसली आणि पुढे केली.

"गिऱ्हाइकाच्या केकला दुसरी आणायची. धुतलेली," तो पुटपुटला.

"माहितीये रे!"

तिनं काठी वरून सरळ आत घातली. तीन मजल्यांमधून, थेट फळीपर्यंत. वर राहिला फक्त झेंडा. सुरीचा शेवटचा हात फिरवला, आणि ओट्यावर बुरूज, खिडकीबाहेर खरा बुरूज! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिठीनं दादाकडे बघितलं. दादा मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो मागे वळून त्या दोन माणसं उंच दाराकडे बघत होता.

"कायदा आहे, पिठे," तो म्हणाला.

"आहे," पिठी म्हणाली. काल हळूच लावलेलं ते दार तिला आठवलं. पण आवाज? आवाज ताठ. "आपट."

"ए, ए! काय चाललंय?" तो मिशीवाला रखवालदार धापा टाकत जिना चढून आला होता. लोकांची गर्दी का झाली ते बघायला. त्यानं बुरूज पाहिला आणि त्याची मिशी पुन्हा थरथरली. "अरे वा! पीठ फुगलं की!"

दादानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. "म्हणजे यांनाही माहीत होतं?"

"अळीमिळी गुपचिळी," रखवालदार म्हणाला.

दादानं त्याला बेकरीचा कायदा समजावला. दार आपटायचंय, एकदाच, जोरात. रखवालदारानं डोकं खाजवलं. "दार आपटू नये, असा नियम आहे. पण जेवणाच्या सुट्टीला ते बंद मीच करतो. आणि आता सुट्टी होतच आलीय. माझा हात जरा जास्त लागला, तर लागला."

दोघांनी खांदे लावले. दार असं जड की आधी हललंच नाही. मग कुरकुरलं. मग हळू, मग जरा जोरात, मग एकदम सुटलं, आणि—

धडाड्!

बेकरीचं लोखंडी दार त्यापुढे काय, टाळीच! छतातले पारवे उडाले. खिडक्या झणझणल्या. आजीनं छत्री उघडली. आणि बुरूज… बुरूज थरथरला. झेंडा इकडे झुकला, तिकडे झुकला. पिठीनं डोळे मिटले नाहीत. बघायचं तर उघड्या डोळ्यांनी.

टपकन् एक कंगोरा पडला. उजवीकडचा.

आणि बाकी सगळं जिथल्या तिथे उभं.

दादा आला, वाकला, बुरुजाभोवती एक चक्कर मारली. पडलेला कंगोरा उचलला आणि तोंडात टाकला.

"चुकीच्या बाजूचा पडला," तो म्हणाला. "किल्ल्याचा डावीकडचा पडलाय. सोहळ्याच्या दिवशी नीट बघून पाड."

"म्हणजे… मी?"

दादानं फोन काढून कानाला लावला. "हॅलो? हां, थर्मोकोल नको. अजिबात नको. बुरूज खरे होणार. नाही, मी नाही, बहीण करतेय. इथेच बांधणार आहे, जागेवर. हो हो, उंच. चांगले उंच!" मग फोन ठेवून तो पिठीला म्हणाला, "आणि फुलं मी करेन. बघू जमतात का."

"तुझी फुलं? कोबी दिसतील."

"गप्प बस. मीठ एक चिमूट कमी चाललं असतं."

"तू दोनदा चाटलंस."

एवढ्यात रखवालदार खाकरला. "ते सगळं ठीक आहे. पण नियम म्हणजे नियम. दरबारात खायला बंदी आहे." आणि असं म्हणताना त्याची नजर बुरुजावरून हटत नव्हती.

म्हणजे बुरूज पुन्हा खाली न्यायचा! तोच जिना, तेच वळण, तीच दिंडी. पण आता कसली चिंता? पिठीनं झेंडा उपसला आणि मजले वेगळे केले. खालचा दादाकडे, मधला रखवालदाराकडे, वरचा स्वतःकडे. रिकामा खोका आजीनं डोक्यावर घेतला, कुणी सांगितलं नसताना. आणि निघाली वरात, चक्री जिन्यातून गोल गोल, वळणातून सरसर, दिंडीतून वाकून, कुठे म्हणून कुणाला घासलं नाही. पुलावर येऊन दादानं कठड्यावर ऐसपैस बैठक मारली. सकाळपासून पहिल्यांदा, पँटची फिकीर न करता.

"बाबांना काय सांगायचं?" त्यानं विचारलं.

"खरं ते. दार सोसलं."

"मग कायद्यानं हा गिऱ्हाइकाचा झाला. घरच्यांना मिळत नाही."

पिठीनं सुरी काढली आणि खालच्या मजल्याचा चांगला जाडजूड तुकडा कापून त्याच्या हातावर ठेवला.

"कंगोरा पडला होता," ती म्हणाली. "खा."